तीन खुर्च्यांची सिस्टिम

२ जून, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी, पण नोंद पूर्ण हवी. तारिहाळच्या कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये अख्खी हयात गेली, तिथं नोंदीशिवाय नटबोल्ट हलत नव्हता. मुदतीआधी रिटायर झालो आणि केशवापूरच्या दवाखान्याचं मॅनेजमेंट हाती घेतलं. दवाखाना आमच्या सौ.चा, डॉ. शुभांगीचा. हात गुणाचा आहे, हे मी चारचौघांत मान्य करतो. पण नुसत्या हातानं काय होतंय? प्लॅनिंग नको?

मुख्य शोध असा. एक पेशंट उठतो. दुसरा चपला काढतो, आत येतो, बसतो, धापा टाकतो, पिशवीतून जुने कागद काढतो. तेवढा वेळ मॅडम नुसत्या बसून. मशीन चालू आणि माल नाही! तारिहाळला असं झालं असतं तर मला गेटबाहेर काढलं असतं.

उपाय: आत एकीऐवजी तीन खुर्च्या. एकाचं चालू असताना पुढचे दोघं आतच तयार. जागेसाठी तपासायचं टेबल कोपऱ्यात सरकवलं, पडद्याची दांडी उतरवली. पडदा तसाही मळला होता.

शुभांगी म्हणाली, माणसं एकमेकांसमोर बोलणार नाहीत. म्हटलं, इथल्या कन्नडात म्हणतात तसं, स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्रि, थोडं जमवून घ्या! या गावात बसमध्ये शेजारी बसलेला माणूस उतरायच्या आत मुळव्याधीपर्यंत पोचतो. इथं कुणाला कसली लाज?

संकल्प: १) सकाळी फिरायला जाणे. २) चहात साखर बंद. ३) काउंटरवर बसून पेशंटांना औषधं न सुचवणे.

५ जून, गुरुवार

सिस्टिम जोरात. दुपारची गर्दी वेळेत आटोपली. कारखान्यातला जुना बझर मिळवला, काउंटरवर बटण, आत घंटी. मॅडम एखाद्याच्या गप्पांत अडकल्या की मी दाबतो. अजून दचकतात. होईल सवय.

फिरायला गेलो नाही. गुडघा.

७ जून, शनिवार

शुभांगी जेवताना ताटावरच झोपली. हातात घास तसाच. मला बरंच वाटलं. ताण असलेल्या माणसाला अशी झोप लागत नाही.

तिचं म्हणणं, सकाळी दवाखाना, दुपारी नर्सिंग होमचा राउंड, संध्याकाळी परत दवाखाना, शिवाय घासागणिक फोन. गुरुवारी संध्याकाळी तरी सुट्टी घेते म्हणाली. पण मी ३ जुलैच्या गुरुवारी आमच्या जुन्या कारखान्यात हेल्थ कॅम्प ठरवून बसलोय. शब्द दिलाय. सुट्टी श्रावणात बघू. तोवर तिचा फोनही मीच घेणार, म्हणजे तेवढा भार कमी.

एवढं करतोय बायकोसाठी. कौतुक नावाची चीज नाही या घरात.

१२ जून, गुरुवार

किरकोळ अडचणी. मुकुंदराव (रिटायर्ड मास्तर, बीपी) तिसऱ्या खुर्चीवर बसून पहिल्या खुर्चीच्या प्रश्नांना उत्तरं देतात. मॅडमनी एका बाईला विचारलं, झोप लागते का? मास्तर म्हणाले, तीन वाजेपर्यंत नाही. तेच लिहिलं गेलं. बाईंना झोपेची गोळी. बाई घोरतात म्हणून त्यांचे यजमान तक्रार घेऊन आले होते!

मेडिकलवाल्याच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं. शुभांगीचे डोळे भरून आले. म्हणाली, शिकाऊ असताना सुद्धा मी अशी चूक केली नव्हती. म्हटलं, कारखान्यात नव्या लाईनला सुरुवातीला थोडा माल रिजेक्ट होतोच.

ती उठून गेली. लवकर झोपते हल्ली.

१६ जून, सोमवार

मोठा दिवस! धारवाडच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा मॅनेजर, वादिराज नावाचा, खास सिस्टिम बघायला आला. माझ्या जुन्या साहेबांकडून कानावर गेलं म्हणे. खुर्च्या बघितल्या, बझर स्वतः दाबून बघितला, मोबाइलवर फोटो काढले. निम्मं कन्नड, निम्मं इंग्लिश, पण भारावला होता. सूपर सर, सूपर सर, चाललं होतं.

त्याला कांदाभजी खिलवली. मीही चहात दोन चमचे साखर घेतली. पाहुण्यासमोर नियम कुठं सांगायचे?

२० जून, शुक्रवार

उत्तराअक्काचा फोन. शुभांगीशी बोलायचं होतं. म्हटलं, मॅडमचा फोन आता मी घेतो, काय होतंय सांग. म्हणाली, काही नाही रे. मग काय बोलायचंय? काही नाही, सहज. असा फोन असतो का? मॅडमचा वेळ म्हणजे काय गोष्ट आहे!

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर हिनंच वाढवलं मला. तिच्यासाठी जीव देईन. पण सिस्टिम ती सिस्टिम.

२३ जून, सोमवार

अक्काचा परत फोन. रविवारी घरी येऊ का, शुभांगी एकटी असेल तेव्हा? म्हटलं, घर ते घर, दवाखाना तो दवाखाना. तू दवाखान्यात ये, तुला नंबरबिंबर काही नाही, सरळ आत सोडतो. भावाची ओळख कधी कामाला येणार?

फोन ठेवला तिनं. भरून आलं असणार.

२७ जून, शुक्रवार

आज एका दगडात... असो, आनंदाचा दिवस. अक्का आली. योगायोग बघा, त्याच वेळी लक्ष्मीबाई खोकल्यासाठी आल्या. लक्ष्मीबाई म्हणजे जवळीबाजारातल्या कापडवाल्या घराच्या, ज्यांच्या श्रीनिधीशी अक्काच्या लेकीचं, सावनीचं, लग्नाचं चाललंय. बोलणी अगदी रंगात आहेत. मी डोकं चालवलं. दोघींना एकदमच आत सोडलं, शेजारी शेजारी. होणाऱ्या विहिणी, चार शब्द बोलतील, तेवढंच नातं घट्ट.

अक्का दारात अडखळली. म्हणाली, मी नंतर येते. म्हटलं, चल ग, लाजतेस काय नव्या नवरीसारखी!

शुभांगीनं तिला अशक्तपणावर रक्त तपासायला सांगितलं. संध्याकाळी रिपोर्ट. रक्त फारच कमी. लोहाच्या गोळ्या. पंधरा मिनिटांत पेशंट मोकळा, आणि तेही घरचा! लक्ष्मीबाई जाताना म्हणाल्या, तुमचं फार सोयीचं आहे हो.

शुभांगी जेवताना म्हणाली, एवढं रक्त कमी कशानं झालं, ते नीट विचारायला हवं होतं. म्हटलं, मग विचारायचं की. म्हणाली, विचारलं. अंगावरून जातंय का विचारलं. अक्का नाही म्हणाल्या. मग झालं तर!

ती काहीतरी सांगणार होती, पण मुकुंदरावांचा फोन आला.

३ जुलै, गुरुवार

हेल्थ कॅम्प. शंभराच्या वर कामगार. मॅडमनी उभ्यानं तपासलं. परतताना रिक्षात शुद्ध हरपल्यासारखी झोपली. रिक्षावाला म्हणाला, अक्कावर्गे आराम इल्ल का सर? म्हणजे, ताईंना विश्रांती नाही का? मी त्याला कामाचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यानं मीटर बघितला.

९ जुलै, बुधवार

गोळ्या संपायच्या आत अक्काला परत बोलवायचं, असं शुभांगीनं तीनदा सांगितलं. सांगतो सांगतो म्हणून राहिलं. साखरपुड्याच्या गडबडीत अक्का तरी कुठे येणार? आणि ती बरी आहे. परवा फोनवर आवाज खणखणीत होता. थोडी चालल्यावर दम लागतो म्हणाली, पण वयाप्रमाणे होतं. माझाही लागतो.

२१ जुलै, सोमवार

वादिराजचा मेसेज. धारवाडला तीन खुर्च्या बसल्या. खाली हात जोडल्याचं चित्र. मी शुभांगीला दाखवला. तिनं वाचला आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

हेवा म्हणणार नाही. थकवा.

१० ऑगस्ट, रविवार

लिहिवत नाही, तरी लिहितो.

सावनीचा साखरपुडा. ओटी भरायला अक्का उठली आणि जागीच कोसळली. शुभांगी धावली, तिला आत नेलं. मीही मागं धावलो. तिनं मला दारातच अडवलं, आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेर. दाजी बाहेर. श्रीनिधीकडची सगळी मंडळी हातात पेढ्याच्या ताटल्या घेऊन उभी.

दार खूप वेळ उघडलं नाही. मी दोनदा टकटक केली. वेळ किती लावायचा!

बाहेर आली तेव्हा शुभांगीचा चेहरा पांढरा. संक्रांतीपासून अक्काच्या अंगावरून जातंय. पाळी जाऊन सहा-सात वर्षं झालीत. जुनी लुगडी फाडून वापरत होती, स्वतःच धुवत होती. सावनीलासुद्धा कळू दिलं नाही. संक्रांतीपासून!

दाजी (प्रभंजनराव, एरवी दुकानात मोठ्यानं बोलणारा माणूस) भिंतीला टेकून खाली बसले.

११ ऑगस्ट, सोमवार

शुभांगी रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे बोलली. म्हणाली, मी विचारलं तेव्हा अक्कांनी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. लक्ष्मीबाईंकडे. मग नाही म्हणाल्या. मी ते बघणं बघितलं होतं, सुमंत. मला कळलं होतं. लक्ष्मीबाईंना बाहेर बसायला सांगणार होते, टेबलावर घेऊन तपासणार होते, पण टेबलावर तू औषधांची खोकी रचली होतीस, आणि तेवढ्यात घंटी वाजली. एकदा नाही, दोनदा वाजली. बाहेर तीस माणसं होती, डोकं बधिर झालं होतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी विचारू.

मग म्हणाली, चूक माझी आहे, डॉक्टर मी आहे.

तिनं स्वतःच कबूल केलं. तरी मला जेवण गेलं नाही.

माझी बाजू, नोंदीसाठी: अक्कानं खरं सांगायला नको होतं का? घरचाच दवाखाना. मला सांगायचं फोनवर. मी काय परका आहे?

(तसलं मला कसं सांगणार. ते खरं.)

१३ ऑगस्ट, बुधवार

सोनोग्राफी झाली. तुकडा काढून तपासायला पाठवला. साधी गाठही असू शकते. नव्वद टक्के साधीच असते, मी मोबाइलवर वाचलं. शुभांगीला सांगायला गेलो, तर ती दोन खुर्च्या उचलून व्हरांड्यात ठेवत होती. एकटीच. मी हात लावायला गेलो, नको म्हणाली. टेबलावरची खोकी काढली. पडद्याला कापड आणलं, गर्द निळं. फोन तिच्याकडे परत. दवाखान्याच्या वेळात तो बंद. काउंटरवर स्मृती नावाची मुलगी. नंबराशिवाय कुणीही आत नाही. गुरुवारी संध्याकाळी दवाखाना बंद. नर्सिंग होमचा राउंड या महिन्यापुरता, मग तोही बंद.

मी विचारलं, मग मी काय करू? म्हणाली, तुला गुडघ्यासाठी फिरायचं होतं ना.

बझर काढून मी कपाटात ठेवला. तात्पुरता.

१८ ऑगस्ट, सोमवार

कॅन्सर.

शुभांगी म्हणाली, गर्भाशयातच असेल, बाहेर पसरला नसेल, तर ऑपरेशननं पूर्ण बरं होऊ शकतं. पसरला असेल तर वेगळं. कुठंवर आहे, ते आता कळायला हवं. जूनमध्ये कळलं असतं तर, असं ती म्हणाली नाही. मी वाट बघत होतो म्हणायची. म्हणाली नाही.

लक्ष्मीबाई घरी आल्या होत्या. मला वाटलं, सोयरीक मोडायला. अक्काला तीच भीती होती, मुलीच्या आईला असला आजार म्हटल्यावर लोक काय म्हणतील. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, मला नुसतं बाहेर बसा म्हटलं असतं तर मी बसले नसते का हो?

पंखा फुल्ल करू का, विचारलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

धारवाडच्या मोठ्या डॉक्टरांकडे अक्काला दाखवायचा दिवस. शुभांगी येणारच होती, पण नर्सिंग होममध्ये एक पेशंट बिघडला, तिला हलता येईना. म्हटलं, मी आहे ना. अशा वेळी मॅनेजमेंटचाच माणूस लागतो. दाजी आत नको म्हणाले, बाहेरच बसले. मी अक्काला घेऊन आत गेलो.

आत तीन खुर्च्या.

एकीवर एक पोलिसासारखा दिसणारा माणूस, दुसरीवर एक पोरसवदा नवरा, हातात बायकोची फाइल. तिसरीवर अक्का. मी उभा. मोठे डॉक्टर भले वाटले. पण डोळे लाल, टेबलावर झाकण काढलेला, न खाल्लेला डबा. मान वर न करता रिपोर्ट वाचत होते. मग विचारलं, आजी, आणखी कुठं दुखतं? पोटात, कमरेत? कुठं गाठ लागते हाताला? लघवीला काही त्रास?

अक्कानं शेजारच्या खुर्चीकडे बघितलं.

मी बघितलं. या वेळी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. क्षणभरच. मग तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, काही नाही.

त्या दोघांना म्हटलं, जरा बाहेर थांबता का? आवाज मोठा निघाला बहुतेक. ते डॉक्टरांकडे बघायला लागले. वादिराज दारातच होता, ओळखलं त्यानं मला. मोठा आनंद झाला त्याला. डॉक्टरांना सांगितलं, सर, हेच ते सुमंत सर, आपली सिस्टिम यांचीच! डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

आणि मी? मी म्हणू शकलो असतो, साहेब, ही खोटं बोलतेय, हिला अजून काहीतरी होतंय. त्या पोलिसासमोर, त्या पोरासमोर, स्वतःच्या बहिणीबद्दल. अक्काच्या फाइलीतले कागद सारखे करत राहिलो.

तेवढ्यात घंटी वाजली. आमच्यासारखीच. लोक उठले, आम्हीही उठलो.

येताना गाडीत अक्काला विचारलं, काय लपवतेस? म्हणाली, तुला काय करायचंय, पोरा? खिडकीबाहेर बघत बसली. मग नवलूर जवळ आल्यावर माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात गार होता. मी लहान असताना ताप आला की ती असाच हात ठेवायची कपाळावर. तेव्हा तिचा हात मला बर्फासारखा वाटायचा, आणि मी रडायचो. आजही रडलो. दाजी पुढं बसले होते, त्यांनी बघितलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

शुभांगीला सांगायलाच हवं होतं. रात्री ती नर्सिंग होममध्येच राहिली, सकाळी थेट दवाखान्यात. फोन बंद. तिचाच नियम. गेलो. स्मृती म्हणाली, अंकल, नंबर घ्या. म्हटलं, मी कोण माहीत आहे का? म्हणाली, माहीत आहे, म्हणूनच मॅडमनी दोनदा बजावलंय.

घेतला नंबर. सव्वीस. व्हरांड्यात बसलो, माझ्याच खुर्चीवर. मुकुंदराव शेजारी. हळूच म्हणाले, सुमंतराव, तुमच्या ओळखीनं जरा लवकर आत सोडता का? सव्वीस नंबर दाखवला. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले.

आत गेलो. एकच खुर्ची. शुभांगीनं दार लावून घेतलं आणि पेशंटाला विचारतात तसं विचारलं, काय होतंय?

सांगितलं. अक्कानं खुर्चीकडे बघितलं, एवढंच. बाकी मला काही माहीत नाही. तिनं पेन खाली ठेवलं. घंटी नाही, काही नाही. बाहेर माणसं खोकत होती. मग म्हणाली, रविवारी सकाळी अक्कांना आपल्या घरी आण. मी एकटी बोलते, नीट तपासते, आणि त्यांच्यासमोरच धारवाडच्या डॉक्टरांना फोन लावते. तू घरात थांबायचं नाहीस.

विचारलं, मग मी कुठं जाऊ? म्हणाली, कुठंही.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळ

अक्काला आणून सोडलं. दार लागलं आतून.

फिरायला जाणार होतो. संकल्प क्रमांक एक. कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. पायरीवर बसून हे लिहितोय. चहा कुणी विचारला नाही.

किती वेळ झाला बघत नाही. मुद्दामच घड्याळ घरात ठेवून आलोय.

आतून मघाशी अक्काचा आवाज आला. बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण थांबत नव्हती. मग रडायला लागली. आई गेली तेव्हाही मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं. तेव्हा मी लहान, माझ्यासमोर ती रडलीच नाही. उठलो, दारापर्यंत गेलो. हात वर केला टकटक करायला. खाली घेतला. परत येऊन बसलो.

देवा, उशीर झालेला नसू दे. एवढंच.

समोरच्या रेश्मावहिनी दूध घेऊन जाताना थांबल्या. म्हणाल्या, सकाळी सकाळी स्वतःच्या घराबाहेर काय बसलाय भावजी?

म्हटलं, माझा नंबर अजून आला नाही.